तंबू टॉकीजच्या वाटेने : म्हसवड ते खरसुंडी

पहिला दिवस : सातारा – म्हसवड

माणदेशातल्या बहुतेक गावांना पक्के थेटर कधी नव्हते. थेटर म्हणजे तंबूतला फिरता सिनेमा, तो यात्रेला असे. यात्रेबरोबर ते उभे राहायचे आणि यात्रा मोडली की ट्रकमध्ये बसून पुढच्या गावाला जायचे. त्यामुळे त्याचा मागोवा घ्यायचा तर जवळचा रस्ता सोडून यात्रांच्या तारखांचा क्रम धरावा लागतो. आधी म्हसवड (मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा), मग पुसेगाव (मार्गशीर्ष वद्याची अखेर), त्यानंतर पौषात औंध आणि शेवटी पौष-चैत्राची खरसुंडी. नकाशावर हा प्रवास उलटसुलट दिसतो, पण तंबूवाल्यांचे ट्रक याच क्रमाने हलायचे.

साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणारी कुठलीही एसटी चालते. कोरेगाव, मग वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, गोंदवले आणि म्हसवड, असे सुमारे ८५ किलोमीटर. पुसेगाव वाटेतच लागते, पण तिथे आज उतरायचे नाही. यात्रेच्या दिवसांतही जाऊ नये. गर्दीत, पाळण्यांत आणि दुकानांच्या ओळींत जमीन दिसत नाही, आणि आपल्याला जमीनच पाहायची आहे. माघ-फाल्गुन बरा. ऊन अजून तापलेले नसते आणि मैदाने मोकळी असतात.

सिद्धनाथाचे दर्शन घेऊन माणगंगेच्या काठाने चालत जावे. तंबूवाला यात्रेआधी दोन-तीन दिवस येऊन जागा धरायचा तेव्हा काय बघायचा, ते इथे नीट कळते. पहिली गोष्ट उतार. प्रेक्षक खाली जमिनीवर बसणार, म्हणून जमीन पडद्याकडे किंचित उतरती असली तर मागच्याला पुढच्याचे डोके आड येत नाही. उलट उतार असेल तर तीच जागा निकामी. दुसरी गोष्ट वारा. पडदा म्हणजे उभे शीड. वारा सरळ अंगावर आला की त्याला पोट सुटते आणि चित्राचा मधला भाग धूसर होतो, म्हणून तंबूची लांबी वाऱ्याच्या दिशेत धरून पडदा वाऱ्याच्या आडोशाला ठेवायचा. तिसरी गोष्ट माती. मुरमात तीन फुटी लोखंडी मेख पक्की बसते. काळ्या मातीत ती कोरडी असताना धरते आणि पाऊस झाला की सुटते. नदीकाठच्या वाळूत तर धरतच नाही. तिथे हात-दीड हात खोल खड्डा घेऊन लाकडाचा ओंडका आडवा पुरायचा, त्याच्या मधोमध दोर बांधायचा आणि वर वाळू दाबायची. उभी मेख वाळूतून उपसून निघते, आडव्या ओंडक्याला मात्र वरची सगळी वाळू उचलावी लागते.

मेख ठोकताना तिचे डोके तंबूच्या उलट दिशेला झुकलेले हवे. नवखा गडी सरळ उभी ठोकतो आणि रात्री दोर निसटतो.

सगळ्यात जास्त तंबू मात्र वाऱ्याने पडले नाहीत, दवाने पडले. ताग-अंबाडीचा दोर ओला झाला की आखडतो, कॅनव्हासही आखडते. मार्गशीर्षातल्या पहाटे दव पडले की संध्याकाळी ताणून बांधलेले दोर आणखी ताणले जातात आणि मग मेख उपसते, नाहीतर कापडाची कडी फाटते. म्हणून रात्रीच्या खेळाआधी एक माणूस सगळ्या दोरांवरून फिरून प्रत्येकाला वीतभर ढील देई आणि सकाळी ऊन चढल्यावर परत ताणून घेई. नायलॉनचे दोर आल्यावर हे काम संपले.

आकाराचा हिशेब असा. जमिनीवर दाटीने बसलेल्या माणसाला चार-पाच चौरस फूट लागतात. साठ बाय चाळीस फुटांच्या तंबूत, मधली वाट आणि बाया-पुरुषांच्या मध्ये बांधलेला दोर सोडून, चारशेच्या वर माणूस बसे. सतरंजी ज्याची त्याने आणायची. पोरे अगदी पडद्याला नाक लावून.

मुक्कामाला म्हसवडमध्ये साध्या लॉज आहेत. भाकरी आणि खर्डा मागावा, इतर काही मागू नये.

दुसरा दिवस : म्हसवड – गोंदवले – पुसेगाव

सकाळची एसटी धरून आल्या वाटेने मागे यायचे. वाटेत गोंदवले. ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधी मंदिरात दुपारचा प्रसाद असतो, तेवढ्यासाठी उतरायला हरकत नाही. पुढे पुसेगाव. सेवागिरी महाराजांच्या रथाला नोटांच्या माळा घालतात ते ठिकाण हेच. खिलार जनावरांचा मोठा बाजारही इथे भरतो. जनावरे विकायला आलेला शेतकरी रात्री घरी जात नाही, आणि तंबूवाल्याचे खरे गिऱ्हाईक तोच. मुक्कामी माणसाला रात्र काढायची असते, म्हणून खेळ नऊला सुरू होऊन एकामागून एक पहाटेपर्यंत चालत.

इथल्या मैदानावर उभे राहून पडद्याचा हिशेब करून बघावा. त्यासाठी टेप लागत नाही, पावले मोजली तरी चालते. चित्राची रुंदी काढायची रीत सोपी आहे : मशीनपासून (प्रोजेक्टरपासून) पडद्यापर्यंतचे अंतर गुणिले गेटच्या, म्हणजे लेन्समागे फिल्म जिथून सरकते त्या चौकटीच्या, खिडकीची रुंदी, भागिले लेन्सची फोकल लांबी. जुन्या चौकोनी चित्राची खिडकी ०.८२५ बाय ०.६०० इंच. साठ फूट अंतर आणि चार इंची लेन्स धरली तर चित्र सव्वाबारा-साडेबारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच येते. त्याच जागेवरून त्याच लेन्सपुढे सिनेमास्कोपची, चित्र आडवे दुप्पट पसरवणारी जोड लेन्स लावली की रुंदी पंचवीस फुटांवर जाते आणि उंची पावणेअकराच्या आसपास राहते, कारण स्कोपची खिडकी थोडी उंच असते. म्हणजे रुंदी दुप्पट, पण दिवा तोच. उजेड दुपटीहून जास्त जागेवर पसरला की चित्र काळवंडते. तंबूतला स्कोप पिक्चर नेहमी अंधारा का दिसे, त्याचे उत्तर या गुणाकारात आहे. काही ठिकाणी पंचवीस फुटी पडद्याला जागाच नसे. मग चित्राच्या दोन्ही बाजू कनातीवर पडत आणि कडेला उभा असलेला खलनायक कापडाच्या घडीत बोलत राही.

जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर अडीच फुटांवर असते, म्हणून पडद्याची खालची कड चार-पाच फूट वर. मध्येच उठून उभ्या राहिलेल्या माणसाचा फेटा झोतात येऊ नये म्हणून लेन्स सात-आठ फुटांवर. आता हे जुळवा : ट्रकचा हौदा चार फूट उंच, त्यात उभ्या केलेल्या मशीनची लेन्स आणखी चार फूट. मशीन ट्रकमध्येच ठेवण्याचे कारण लोक सांगतात ते चढउताराची कटकट वाचते म्हणून. ते खरेच आहे, पण उंचीही फुकट मिळते, झोत पडद्याच्या मध्यावर जवळजवळ सरळ जातो आणि चित्र वाकडे होत नाही. शिवाय आगीच्या नियमांनुसार मशीनची खोली प्रेक्षकांपासून वेगळी हवी. पत्र्याने मढवलेला हौदा म्हणजे तयार केबिन. त्यात वाळूच्या बादल्या टांगल्या की तपासणीला आलेल्या साहेबाचेही समाधान.

पडदा मांजरपाटाचा. दोन पन्ह्यांची शिवण आडवी घेत. उभी शिवण नेमकी नायिकेच्या चेहऱ्यावरून जाते. चारी कडांना काळी पट्टी आणि कडांना दोरीने ओवून चौकटीत ताणायचा. आवाजाचा भोंगा पडद्यामागे. सुती कापडातून आवाज आरपार येतो. भोंग्याच्या मागे काळे कापड लावले नाही तर उजेड पलीकडे निघून जातो आणि पडद्यामागे फुकट्यांचा वेगळा खेळ भरतो. त्यांना नावे उलटी दिसतात, एवढाच काय तो फरक.

तंबू दोन-तीन असले की भोंग्यांची लढाई. तिकीटबारीवरचा माणूस माइकवर ओरडतोय, शेजारच्याचे गाणे आपल्या संवादावर चढतेय. यावर तांत्रिक उपाय कुणाकडेच नव्हता. तंबू एकमेकांकडे पाठ करून उभारायचे, एवढेच.

पुसेगावला लॉज मिळते. नाही मिळाली तर कोरेगाव गाठावे.

तिसरा दिवस : पुसेगाव – खटाव – औंध

अंतर थोडे आहे, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पण १९४८ च्या मार्चपर्यंत हा प्रवास एका राज्यातून दुसऱ्यात होता. पुसेगाव इंग्रजी सातारा जिल्ह्यात आणि औंध पंतप्रतिनिधींचे संस्थान. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. संस्थानात संस्थानचा हुकूम. विलिनीकरणानंतर मुंबई राज्याने १९५३ मध्ये सिनेमागृहांच्या नियमनाचा स्वतःचा कायदा केला, पुढे १९६६ मध्ये महाराष्ट्राचे नियम आले, आणि फिरत्या सिनेमालाही जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला. तंबूवाल्याची कागदांची पेटी मशीनइतकीच सांभाळायची चीज होती. परवाना, ऑपरेटरचे प्रमाणपत्र, सेन्सॉरचे प्रमाणपत्र, करमणूक कराचा हिशेब, आणि सक्तीने दाखवायच्या सरकारी माहितीपटाचे रिळ. यातले एक कमी पडले की खेळ बंद.

औंधात सकाळी मूळपीठाच्या डोंगरावर यमाईला जाऊन यावे, पायऱ्या आहेत आणि गाडीरस्ताही आहे. डोंगरावरूनच गाव आणि यात्रेची जागा एका नजरेत येते. वाटेतले श्रीभवानी संग्रहालय चुकवू नये. राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्‍री मूरचे एक शिल्प आहे, आणि एवढ्याशा संस्थानच्या राजाने हे जमवले कसे हा प्रश्न घेऊन माणूस बाहेर पडतो. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

दुपारी सावलीत बसून विजेचा विचार करायला औंध बरे. गावोगाव वीज पोचण्याआधी तंबू स्वतःची वीज घेऊन यायचा : डिझेल इंजिन, पट्टा आणि डायनॅमो. (इंजिनांचा विषय निघालाच आहे तर, किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली ती याच संस्थानाने दिलेल्या माळावर.) इंजिन तंबूपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायचे, नाहीतर त्याची धडधड संवादात आणि धूर डोळ्यांत.

मशीनचा दिवा म्हणजे कार्बन आर्क. दोन कांड्या, एक धन आणि एक ऋण. टोके टेकवायची, ठिणगी पडली की चटकन थोडी लांब करायची, आणि मधल्या फटीत पांढरा लख्ख ज्योतीचा गोळा धरून ठेवायचा. त्याला एकदिश प्रवाह लागतो. घरगुती उलटसुलट विजेवर ज्योत फडफडते आणि गुणगुणते. लहान मशीनला तीस ते पन्नास अँपिअर. धन कांडी लवकर झिजते म्हणून ती जाड घेतात. मागे अंतर्वक्र आरसा असतो, तो उजेड गोळा करून गेटवर टाकतो. ज्योत आरशाच्या नेमक्या बिंदूवर नसली की पडद्यावर रंग बदलतात : फट वाढली की कडा निळसर, कांडी पुढे आली की मधोमध तपकिरी डाग. प्रेक्षकांत ‘कार्बन!’ अशी आरोळी उठायची ती याच वेळी. लोकांना यंत्र कळत नव्हते असे समजू नये. ऑपरेटरचे लक्ष विडीकडे गेले की तंबूला आधी कळायचे.

ज्योतीकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचे नसते. त्यासाठी दिव्याच्या पेटीला काळी काच असते. आणि पेटीवर धुराडे हवेच. बंद हौद्यात तो धूर दोन खेळांनंतर डोके फिरवतो.

इंजिन दमले की दोन गोष्टी एकदम होतात. उजेड उतरतो आणि मोटरचा वेगही. सेकंदाला चोवीस चौकटींऐवजी बावीस गेल्या की गाणे भसाडे होते. लताबाईंच्या जागी कुणी भलतीच बाई गायला लागली की गडी डिझेल बघायला धावायचा.

चौथा दिवस : औंध – वडूज – मायणी – विटा – खरसुंडी

लांबचा दिवस. लवकर निघावे. मायणीचा तलाव रस्त्यालगत आहे, पक्षी बघणाऱ्यांनी थांबावे. विट्यात जेवण करून खानापूर, भिवघाटमार्गे खरसुंडी. हा सगळा मुलूख गलाईवाल्यांचा. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसे देशभर पांगलेली आहेत आणि यात्रेला घरी येतात. हातात पैसा असलेला पाहुणा तिकिटाला मागेपुढे बघत नाही, हे तंबूवाल्याला ठाऊक होते.

खरसुंडीला सिद्धनाथाचे देऊळ आणि खिलार बैलांचा बाजार. बाजाराची मोकळी जागा पाहावी आणि रिळांची गोष्ट इथेच समजून घ्यावी, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होत.

पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी. सेकंदाला चोवीस चौकटी म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचे रिळ अकरा मिनिटे. पंधरा रिळांचा हिंदी पिक्चर म्हणजे पंधरा हजार फूट, पावणेतीन तास, आणि नुसत्या फिल्मचे वजन पस्तीस किलोच्या घरात. पत्र्याचे डबे आणि पेटी वेगळी. दोन-दोन रिळे जोडून सात-आठ चक्रे करायची. फिल्मच्या काळात पक्क्या थेटरात दोन मशीन असत. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल खूण चमकली की दुसऱ्याची मोटर चालू, सात सेकंदांनी दुसरी खूण आली की उजेड पलीकडे. तंबूत बहुधा एकच मशीन. म्हणून दर बावीस मिनिटांनी दिवे लागायचे. चक्र उतरवा, नवे चढवा, गेट पुसा, कार्बन बदला. हात बसलेल्या ऑपरेटरला दोन-तीन मिनिटे. भेळवाल्याचा धंदा या मिनिटांवर.

फिल्म ओवण्याची वाट अशी : वरचा डबा, वरचे दातेचक्र, मग एक सैल लूप (फिल्मचा झोल), गेट, अडखळत फिरणारे दातेचक्र, पुन्हा सैल लूप, आवाजाचा ढोल, खालचे दातेचक्र, खालचा डबा. दोन्ही लूप का? वरून फिल्म सलग येते आणि गेटमध्ये मात्र ती दर चौकटीला थांबून चार भोकांनी खाली खेचली जाते. चार खाचांचा माल्टा क्रॉस हे काम करतो. सलग आणि अडखळती या दोन चालींमधली ओढाताण लूप पचवतो. लूप छोटा राहिला की फिल्म ताणते, भोके फाटतात, चित्र उड्या मारते. खालचा लूप चुकला तर चित्र ठीक, पण ओठ आणि शब्द जुळत नाहीत. कारण आवाजाची पट्टी चित्राच्या वीस चौकटी पुढे छापलेली असते आणि लूपची लांबीच ते अंतर राखते. तीन-चार चौकटींची चूक कुणालाही खटकते.

तुटलेली फिल्म जोडताना वरचा मसाला पात्याने खरवडायचा, फिल्म चिकटवायचे सिमेंट लावायचे, दाबून धरायचे. भोके मोजून जोडले नाही तर पुढचे सगळे चित्र घसरते. वर पाय आणि खाली डोकी. मग फ्रेमिंगचा खटका फिरवून ते सावरायचे. दर जोडाला एक-दोन चौकटी जातात. यात्रेत येणारी प्रत बहुधा शहरांतून झिजून आलेली असे, त्यामुळे तिच्यावर रेघांचा पाऊस तर असेच, पण काही वाक्येही अर्धीच असत. गाणेच्या गाणे गायब असणे हीही नवलाची गोष्ट नव्हती. आणि रिळांवरचे आकडे पुसलेले असले की आठव्यानंतर दहावे लागायचे : मेलेला बाप जेवायला बसलेला दिसे.

फिल्म गेटमध्ये अडकली आणि दिव्याचा झोत अडवणारी झडप पडली नाही तर पडद्यावर तपकिरी बुडबुडा उठून चौकट वितळते. ही ॲसिटेट फिल्मची गोष्ट. साधारण १९५१ पर्यंतची नायट्रेट फिल्म असती तर वितळली नसती, पेटली असती, आणि ती पाण्यातही विझत नाही. शेवटी शेवटी पॉलिस्टर आली. ती तुटत नाही, हाच तिचा दोष. अडकली की फिल्मऐवजी मशीनचे दाते जातात.

पाचवा दिवस : खरसुंडी – आटपाडी – परत

आटपाडी हा औंध संस्थानचाच महाल, म्हणजे तालुक्यासारखा भाग. जवळच स्वतंत्रपूर, १९३९ मध्ये सुरू झालेली खुल्या कैद्यांची वसाहत. या प्रयोगावरूनच व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) सुचला, आणि कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. वाट वाकडी करून जाण्याजोगी जागा.

तंबू का गेले याचे एकच कारण सांगितले जाते, टीव्ही. १९८७-८८ मध्ये रामायणाने पौराणिक पिक्चरचे गिऱ्हाईक घरात बसवले, हे खरे. पण त्यानंतरही बरीच वर्षे तंबू उभे राहत होते. माणसे येत होती, कारण यात्रेतला मुक्काम संपला नव्हता. मुक्काम संपवला मोटरसायकलने. दर्शन घेऊन रात्री अकराला घरी पोचता यायला लागले तेव्हा पहाटेपर्यंतचे खेळ आधी गेले, आणि धंदा त्या खेळांवरच होता. मग सीडी, मग मोबाईल. शेवटचा घाव लोकांनी घातलाच नाही : २०१० नंतर काही वर्षांतच पिक्चर फिल्मवर छापणे थांबले. मशीन धडधाकट, ऑपरेटर हजर, पण ओवायला फिल्म नाही. काहींनी ट्रकात डिजिटल प्रोजेक्टर बसवले. धूळ, हादरे आणि जनरेटरच्या वरखाली होणाऱ्या विजेत ते टिकवणे जुन्या लोखंडी मशीनपेक्षा अवघड गेले.

लोखंडी मशीन जवळून पाहायचे असेल तर मुंबईत पेडर रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जावे. तिथला माल्टा क्रॉस काचेआड आहे, फिरवून बघता येत नाही. आटपाडीहून दिघंची, म्हसवडमार्गे साताऱ्याला परत येता येते. शेवटची गाडी कितीची ते स्टँडवर सकाळीच विचारून ठेवावे, फलकावरच्या वेळेवर जाऊ नये.